रीनाच्या वतीने

अड्याळ
१ नोव्हेंबर २०२३

रीना,

जय भीम.

पाकीट पाहून दचकू नकोस. हल्ली पोस्टातून येतं ते एक तर कोर्टाचं नाही तर बँकेचं. हे माझं आहे. भावनाचं, तुझ्या मोठ्याबाबांच्या पोरीचं.

फोनच करणार होते. पण यशू म्हणाली, आई, रीनामावशीनं तुला ब्लॉक केलं वाटते, माझ्या मोबाईलवर तिचा वर्दीतला फोटो दिसतो, तुझ्यावर नुसता राखाडी गोळा दिसतो. मी म्हटलं, पोलिसातली माणसं, त्यांना नंबर सांभाळून राहावं लागते. तुझ्यासाठी खोटं बोलायची मला जुनी सवय आहे, त्यामुळे जीभ अडखळली नाही. अमरावतीचा पत्ता लीलाकाकूकडून घेतला. काकूला वाटलं, बहिणी बहिणी पुन्हा बोलू लागल्या. डोळ्यात पाणी आणून तिनं मला चहाच्या वर चहा पाजला, आणि मी, स्वतः चहाची टपरी चालवणारी बाई, तो पीत बसले.

कामाचं सांगते. आपल्या शाळेला साठ वर्षं झाली. शाळेतून जिल्ह्यात, राज्यात खेळून आलेले माजी खेळाडू आणि त्यांना शिकवणारे सर यांचा सत्कार ठेवला आहे. दिवस धरला आहे दिवाळीनंतरच्या मंडईचा, जत्रेची गर्दी असतेच. वासुदेवरावांची अक्कल. म्हणाले, पोरी लग्न होऊन कुठे कुठे गेल्या, पण मंडईला माहेरी आल्याशिवाय राहत नाहीत, तेव्हा एकाच मंडपात सगळ्या सापडतील. वासुदेवराव म्हणजे आपले जुने हेडमास्तर. आता माजी विद्यार्थ्यांचे अध्यक्ष झालेत, घरी बसवत नाही त्यांना.

परवा ते आणि मोबाईल दुकानवाला कमलेश माझ्या टपरीवर आले. विनोद आलूबोंडे तळत होता, मी चहा गाळत होते. माझ्यासमोरच दोघांनी सगळं ठरवलं. पहिला सत्कार सुखराम सरांचा, उत्कृष्ट क्रीडाशिक्षक म्हणून. त्यानंतर तुझा, राज्यात तिसऱ्या आलेल्या कबड्डी संघाची कर्णधार, कु. रीना डोमा रंगारी. मग बाकीच्या पोरी. मला म्हणाले, भावनाबाई, तुमची चुलत बहीण ना ती, तिला आणायची जबाबदारी तुमची. आणि चहाचं कंत्राटही तुमचंच, पाहुण्यांना जरा चांगल्या कपात द्या.

मी हो म्हटलं. गिऱ्हाइकाला नाही कशाला म्हणायचं?

रीना, पुढचं तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते. आपण दोघी हे इतक्या वर्षांत एकदाही धड बोललो नाही, आणि न बोललेली गोष्ट पुढे पुढे झालीच नव्हती असं वाटायला लागतं. तुला तसं वाटत असेल तर मला वाटू द्यायचं नाही.

बाबा अश्विनदादाला शाळेत घालायला गेले तेव्हा तो आठ वर्षांचा घोडा झाला होता, बकऱ्या राखत फिरायचा. एकटा जाईना, भोकाड पसरलं. म्हणून सोबतीला बाबांनी पाच वर्षांच्या मला कडेवर घेऊन नेलं. गुरुजींनी विचारलं, कवडू, पोरीचा जन्म कधीचा? बाबा म्हणाले, धान कापणीतला. साल कोणतं? बाबांनी डोकं खाजवलं. गुरुजींना पुढच्या पोरांचीही नावं घालायची होती. त्यांनी दादाचीच तारीख माझ्यापुढे उतरवली, एक जुलै, सालही तेच. आपल्याकडे निम्मं गाव एक जुलैला जन्मलेलं आहे, पण कागदावर जुळे झालेले भाऊ-बहीण आम्हीच. घरात सगळे हसले होते म्हणे.

ते हसू दहावीत अंगावर आलं. मी खरी पंधराची, कागदावर सतरा ओलांडलेली. सतराखालच्या संघातून बाद. तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, नववीत, कागदही खरा. आणि वर्षही असं की पुन्हा येणार नव्हतं. जिल्हा नुकताच फुटला होता. गोंदियाकडच्या ज्या शाळा आपल्याला दरवर्षी लोळवायच्या त्या त्यांच्या नव्या जिल्ह्यात गेल्या होत्या. सर म्हणाले होते, पोरींनो, आता नाही त कधीच नाही. आणि त्यांचा डावा कोपरा, जिच्या हातून चढाईवाली सुटत नव्हती ती मी, गुरुजींच्या एका ओळीनं घरी बसणार होते.

मग सरांनी तोडगा काढला. तू राखीव खेळाडू होतीस. आपण दोघी तोंडावळ्यानं सारख्या. स्पर्धेच्या अर्जावर तुझ्या नावापुढे माझा फोटो लागला, आणि तुला तुझ्या मामाकडे आसगावला पाठवून दिलं, शाळेत कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून. तू तिथं लाखोळीच्या शेंगा भाजून खाल्ल्यास. मी आधी भंडाऱ्याला, मग नागपूरला, मग परभणीला खेळले. कर्णधार मीच होते, पंच रीना म्हणायचे आणि मी ओ द्यायचे. उपांत्य सामन्यात माझी करंगळी मोडली. आईच्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची पट्टी फाडून ती शेजारच्या बोटाला बांधली आणि तिसऱ्या नंबरासाठी पुन्हा उतरले. नंबर आला. प्रमाणपत्रावर तुझं नाव आलं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हे खरं सांगते. संघ जिंकला होता.

वाईट वाटलं ते पोलीस भरतीत. दोघी सोबत गेलो भंडाऱ्याला, एकाच डब्यातून भाकर खाल्ली. मी धावले, गोळा फेकला, आणि थोड्या मार्कांनी राहिले. तू तिथं पिशवीतून ते प्रमाणपत्र काढलंस. खेळाडूंच्या जागा वेगळ्या असतात हे तुला माहीत होतं, आणि मला सांगितलं नव्हतंस. सरांनीच कपाटातून काढून दिलं होतं तुला. मी विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं? म्हणालीस, "भावना, नाव त माहंच हाय ना त्याच्यावर."

मी वाकडी राहिलेली करंगळी पुढे केली. तू दुसरीकडे पाहिलंस.

आता मागणं एकच. तुझी नोकरी जावी असं मला वाटत नाही. तुझ्या घरात दोन लेकरं आहेत हे मला कळतं. तू ये, शाल घे, नारळ घे, फोटो काढ. फक्त माईकवर एवढं म्हण की भावना आमच्या संघात होती. कोणाच्या नावानं होती, कुठे खेळली, काही नको. भावना होती. माझी यशू त्याच शाळेत नववीत आहे, डाव्या कोपऱ्यात खेळते, आणि आपल्या आईनं आयुष्यात चहाच गाळला असं तिला वाटतं. तिला मंडपात बसून हे एक वाक्य ऐकू दे. बाकी तुझं तुला लखलाभ.

भावना

*

अड्याळ
९ नोव्हेंबर २०२३

रीना,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन रोज टपरीवर थांबतो, चहा पितो, माझ्याकडे पाहून मान हलवतो. आता तर मी विचारायच्या आतच हलवतो.

शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. संघाचा जुना फोटो, परभणीच्या मैदानावरचा, सरांच्या घरी पेटीत सापडला म्हणे. ओल लागून चेहरे पुसट झालेत. मधोमध सर, त्यांच्या पायाशी ढाल धरून बसलेली मी, आणि खाली मोठ्या अक्षरात रीना डोमा रंगारी, कर्णधार. फ्लेक्सवाल्याचा काय दोष? त्यानं प्रमाणपत्र पाहून नाव टाकलं.

यशू मला हात धरून दाखवायला घेऊन गेली. बराच वेळ मान वर करून पाहत राहिली. मग म्हणाली, "आई, रीनामावशी लहानपणी अगदी तुह्यासारखी दिसे."

मी म्हटलं, बहिणी ना आम्ही. आणि दूध नासेल म्हणून तिला ओढत परत आणलं.

जुन्या माणसांनी ओळखलं नसेल असं नाही. काल एक म्हातारा फ्लेक्सकडे बघून माझ्याकडे बघत होता. पण चष्मा पुसला आणि गेला. दुसऱ्याच्या भानगडीत कोण पडतो. संघातल्या बाकीच्या अकरा जणींनाही सगळं माहीत आहे, त्याही गप्पच आहेत. त्यांना तरी काय बोलू? डाव्या कोपऱ्यातली खोटी ठरली तर सगळ्यांचाच तिसरा नंबर खोटा ठरतो. त्यातली मंगला त्या प्रमाणपत्रावर अंगणवाडीत लागली. मी तोंड उघडलं की तिच्या ताटात माती जाते. हे माझ्या ध्यानात येत नाही असं समजू नकोस. म्हणूनच एक वाक्य मागितलं, दोन नाही.

परवा सुखराम सर आले. थकलेत. हात थरथरतो, बशीतला चहा पँटवर सांडला. शकुंतलाबाई सोबत होत्या, त्यांनी पदरानं पुसला. सर आले की मी अजून उभी राहते, तशी उभी राहिले. माझा राग वेगळा आणि सरांसमोर उभं राहणं वेगळं. पहाटे धानाच्या बांधीवरून त्यांनीच पळवलं, घरी नेऊन शकुंतलाबाईंच्या हातचं जेवू घातलं, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या पोरींना त्यांच्या स्वयंपाकघरात पाट मिळाला. त्या काळी गावात असं करणारे किती होते, ते तूच सांग.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विषय काढला. काकूनं त्यांना सांगितलं असावं की मी तुला पत्र लिहिलं. आधी म्हणाले की त्यांनी काही वाईट केलं नव्हतं. गुरुजींनी खोटी तारीख लिहून माझ्यावर अन्याय केला होता, त्यांनी तो त्यांच्या परीनं दुरुस्त केला. मी खरीच पंधराची होते, मग फसवलं कोणाला? यात खोटं काही नाही, रीना. मलाही तसंच वाटतं. मग मी विचारलं, सर, पण ते प्रमाणपत्र तुम्ही रीनाला देताना मला एकदा सांगितलं का नाही?

सरांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "नाव तिचं होतं, भावना. नाव नसलेल्या माणसाले मी कागद कसा देऊ?"

आणि जाताना, टपरीबाहेर थांबून, "आता कायले उकरून रायली? तू बोलली त तिची नोकरी जाईन. माह्या म्हातारपणी माहं तोंड काळं होईन. मले मरू दे, मंग बोल."

मी म्हटलं, सर, मी कुठे बोलते आहे. मी तर चहाचं पाहते आहे.

त्यांना ते बरं वाटलं असेल. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. विनोदनं विचारलं काय झालं, त्यालाही सांगितलं नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यालाही माहीत नाही. त्याला वाटतं माझी करंगळी जात्यात सापडली होती.

तू ये. मी तुला हात जोडत नाही, तेवढं राहू दे. पण ये.

भावना

*

१६ नोव्हेंबर

रीना,

काल पार्सल आलं. माझ्या नावानं नाही, यशूच्या. आत कबड्डीचे बूट. निळे, खालून रबरी, मॅटवर घसरत नाहीत तसले. चिठ्ठी नाही.

यशूनं ते घालून घरभर उड्या मारल्या. मोबाईलवर तुला फोटो पाठवला, तू अंगठा दाखवलास. मला उत्तर द्यायला तुला सवड नाही, पण माझ्या पोरीच्या पायाचं माप तू बरोबर काढलंस. कुठून काढलंस? काकूकडून असेल. बूट अगदी मापात बसले. जरा लहान-मोठे निघाले असते तर बरं झालं असतं, परत तरी करता आले असते.

मग आज लीलाकाकू आली. भाऊबीजेचा चिवडा घेऊन आली होती, मांडीवर डबा धरून बसली, उघडेना. मग निरोप दिला. तुला बंदोबस्त लागला आहे, सुटी नाही. मी म्हटलं, काकू, मंडईच्या दिवशी अमरावतीत कसला बंदोबस्त? काकू म्हणाली, मले काय समजते त्यातलं.

मग तीच पुढे बोलली. काकू कमी बोलते, तुला माहीत आहे. म्हणाली, "भावना, तुहा काका तुले कडेवर घेऊन फिरे. तुह्या बापासंग भांडण झालं तरी तुले कधी हाकललं नाही. माही पोरगी चुकली असन. पण तिच्या पोटावर नको मारू."

रीना, तुझ्या पोटावर मी कधी मारलं? चोवीस वर्षं झाली, कोणाला एक शब्द बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला मरताना नाही. तरी तुम्ही सगळे माझ्याकडे असे येता जसं माझ्या हातात दगड आहे. एक वाक्य मागितलं होतं. भावना संघात होती. त्या वाक्यानं नोकरी जाते का? तुला ते वाक्य जड नाही, तुला माझ्यासमोर उभं राहणं जड आहे.

मी काकूला सांगितलं, काळजी करू नको, मी चहा देऊन घरी येईन.

यशूला पुष्पगुच्छ द्यायला निवडलं आहे. तुझ्या हातात द्यायचा होता. तिनं त्यासाठी आरशासमोर उभं राहून सराव केला. आता कोणाला द्यायचा ते कमलेशला विचारून सांगेन म्हणाली. तू येणार नाहीस हे मी तिला सांगितलं नाही, काकूनं सांगितलं. रडली नाही. पण बूट काढून ठेवले.

भावना

*

अड्याळ
२० नोव्हेंबर

रीना,

झाला सत्कार. मंडप मोठा होता, मंडईची गर्दी मोठी. एका बाजूला आकाशपाळणा फिरत होता, दुसऱ्या बाजूला रात्रीच्या नाटकाचं स्टेज बांधणं चालू होतं, ठोकाठोकी. वासुदेवरावांनी दोनदा जाऊन ठोकाठोकी थांबवली. विनोद आणि मी मंडपाच्या मागं चुलीपाशी होतो.

सरांचा सत्कार जोडीनं झाला. त्यांना शाल, शकुंतलाबाईंना साडी. सरांचा हात थरथरत होता म्हणून माईक कमलेशनं धरला. सर बोलायला लागले, आणि मी चहा गाळायची थांबले, कारण सरांचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला, पहाटे मैदानावर असायचा तसा. ते परभणीचं सांगू लागले. कोणत्या पोरीनं बोनस घेतला, कोण रडली, रेल्वेत काय खाल्लं. आणि मग म्हणाले, "आन् माही रीना. उपांत्य सामन्यात तिची करंगळी मोडली. माहित हाय काय केलं तिनं? आईच्या लुगड्याची हिरवी पट्टी बांधली आन् उतरली. शेवटच्या चढाईत त्याच हातानं घोटा धरला. सोडला नाही. मी म्हणलं, सोड पोरी, हात जाईन तुहा. सोडला नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर रडत होते. ते माझ्यासाठी रडत होते, रीना, हे मला शपथेवर माहीत आहे, आणि नाव तुझं घेत होते. माझ्या हातातला चहा चुलीत सांडला आणि राखेचा फुफाटा उडाला.

यशू पुढच्या रांगेत बसली होती, हातात गुच्छ. मी तिच्याकडे पाहिलं. ती सरांकडे पाहत नव्हती. मान वळवून मंडपाच्या मागे मलाच शोधत होती.

तुझं नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. मग कमलेश म्हणाला, काही कारणानं रीनाताई येऊ शकल्या नाहीत, त्यांच्या वतीनं कुटुंबातल्या कोणीतरी सत्कार स्वीकारावा. लीलाकाकू उठू लागली, पण तिचे गुडघे तुला माहीत आहेत. वासुदेवरावांनी माईक ओढला आणि मोठ्यानं म्हणाले, अरे, भावनाबाई आहेत ना मागं, बहीण आहे त्यांची, त्यांना बोलवा.

अशा प्रकारे माझं नाव माईकवर घेतलं गेलं. शाळेच्या मैदानावर, सगळ्या गावासमोर. मला पाहिजे होतं ना.

मी पदराला हात पुसत गेले. पायऱ्या चढेपर्यंत मनाशी ठरलेलं होतं, आज सांगायचं. नोकरी जाते तर जाऊ दे, तोंड काळं होतं तर होऊ दे. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला, काचेची ढाल दिली, तिच्यावर तुझं नाव सोनेरी. यशू गुच्छ घेऊन आली. माझ्या हातात देताना तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं. कमलेश म्हणाला, ताई, रीनाताईंच्या वतीनं दोन शब्द.

माईक हातात आला. समोर लीलाकाकू होती, नव्या लुगड्यात, दोन्ही हात मांडीवर घट्ट. तिच्या बाजूला मंगला, ती जमिनीकडे पाहत होती. सर खुर्चीत. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मी एवढंच बोलले, "मी रीनाच्या वतीनं आली. मले सवय हाय त्याची."

लोक हसले. थोरली बहीण धाकटीची कामं करते, असंच सगळ्यांना वाटलं. टाळ्याही पडल्या, चांगल्या पडल्या. सरांनी डोळे उघडले नाहीत. मी खाली उतरले आणि चुलीपाशी गेले. पाहुणे चहाची वाट पाहत होते.

नंतर मंगलानं मागे येऊन माझा दंड धरला आणि एक कप चहा मागितला. मी दिला.

नारळ मी फोडला. आज सकाळी त्याची चटणी केली आणि आलूबोंड्यांसोबत गिऱ्हाइकांना वाढली. सगळ्यांनी दोनदा मागून घेतली. ढाल आणि शाल तुला पाठवते आहे, या पत्रासोबत. ढालीवर तुझंच नाव आहे, माझ्या घरात ती शोभणार नाही. शाल चांगली ऊबदार आहे. बंदोबस्ताला कामी येईल.

आता शेवटचं. त्यासाठीच पत्र लिहायला बसले, बाकी सगळं उगाच लांबलं.

आज संध्याकाळी यशूचा भंडाऱ्याला सामना होता. सामना असला की दुपारीच ती माझ्यासमोर हात धरते आणि मी तिची करंगळी आणि शेजारचं बोट एका पट्टीनं बांधून देते. लहानपणापासून देते. शिकवलं कोणी, तिनं कधी विचारलं नव्हतं, आईला येतं म्हणून येतं. काल रात्री ती फ्लेक्स पाहायला पुन्हा गेली होती, एकटी. विनोदनं सांगितलं. त्या पुसट फोटोत चेहरा नीट ओळखू येत नाही, पण ढाल धरलेल्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली आहेत आणि पट्टी हिरवी आहे, हे मलाही कधी दिसलं नव्हतं. मी चेहराच पाहत होते.

तर आज तिनं हात धरला. मी जुन्या कपड्याची पट्टी काढली, तर म्हणाली ही नको. आजीच्या पेटीत गेली आणि गिरजाआजीच्या लुगड्याचा तुकडा घेऊन आली. आईचं एवढंच लुगडं राहिलं होतं माझ्याकडे. मी ओरडणार होते, पण तिनं पुन्हा माझ्यासमोर हात धरला. आणि मग माझा हात उलटा करून माझी वाकडी करंगळी आपल्या अंगठ्यानं सरळ करून पाहिली. ती सरळ होत नाही, तुला माहीत आहे.

म्हणाली, "आई, घट्ट बांध. परभणीले बांधली होती तशी."

मी बांधली.

मी तिला काहीही सांगितलेलं नाही, रीना. आईची आण. तिनंही पुढे काही विचारलं नाही, आणि ती कोणाला काही सांगणार नाही, तशी पोरगी नाही ती. तू निश्चिंत राहा, नोकरी कर.

सामना ती अनवाणी खेळली. शालीच्या घडीत खाली तिनं काहीतरी ठेवलं आहे, दचकू नकोस, ते बूट आहेत. मापाची काही तक्रार नाही.

भावना कवडू रंगारी